एडनाच्या चुलीपुढची दोरी

आम्हा दोघांचं एकत्र केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळणं. जुन्या लुगड्यांची जाड गोधडी भिजली की एका माणसाला उचलत नाही. एक टोक हिच्या हातात, दुसरं माझ्या. लग्न झाल्यापासून आम्ही गोधड्या पिळतोय आणि लग्न झाल्यापासून माझा हात उलटा फिरतो. ही पीळ घालायची, मी सोडवायचो.

"तुमचा हात उलटा फिरतोय."

"मग तू फिरव की तिकडं."

"म्हणजे बदलायचं कुणी, मीच."

शेवटी तशीच निथळती गोधडी दोरीवर टाकली. सगळं पाणी माझ्या पायांवर आलं, ते बघून ही हसली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. संध्याकाळी शेजारच्या बायकांनी गोधडी काढून घडी घातली. त्या बिचाऱ्यांचा मला फार राग आला. का, ते विचारू नका.

मी अमेरिकेहून परत आल्यापासून तासगावात जो भेटतो तो विचारतो, काय काय बघितलंत. पुतळा बघितला का, धबधबा बघितला का. मी सांगतो, एका चिक्कट म्हाताऱ्याचं दोरी बांधलेलं घर बघितलं. लोकांना वाटतं म्हातारा भ्रमिष्ट झाला. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहून टाकावं. मी सातवी शिकलो, तेवढ्यात जमेल तसं लिहितो.

माझा धंदा भांड्यांवर नावं घालायचा. भांड्यांच्या दुकानांसमोर पायरीवर मशीन घेऊन बसायचो. लग्नाचा हंडा, बारशाची वाटी, वास्तुशांतीचं ताट, ज्याला जे नाव पाहिजे ते टर्र टर्र करत कोरून द्यायचो. गावात असं घर नाही जिथल्या फडताळात माझं अक्षर नाही. आमच्या घरात तर मी काहीच सोडलं नव्हतं. हंडा, घंगाळ, पराती, तवा, चहाची गाळणी, सगळ्यावर 'सौ. इंदुमती'. एकदा मी उलथन्यावर नाव घालत होतो, तर ही म्हणाली, "झालं असेल तर आता माझ्या कपाळावर घाला, बाजारात हरवले तर लोक आणून देतील."

ही गेल्यावर दहावं-बारावं झालं आणि मंगल, म्हणजे आमची मुलगी, हळूच म्हणाली, "अण्णा, रितूचं लग्न ठरतंय. आईचा हंडा, घंगाळ आणि पराती तिला देऊ या का?" रितू तिची थोरली. मागण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या डोळ्यांपुढं आलं की ही भांडी पोरीच्या सासरी जाणार, तिथं कुणीतरी म्हणणार, हे जुनं पितळ कुठं ठेवायचं, आणि एक दिवस मोडीत घालून मिक्सर आणणार. मोडीची भट्टी मी बघितलीय. नाव पहिलं जातं. मी मंगलला सांगितलं, कशाला हात लावायचा नाही. घराला कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. तेवढ्यात विजय, आमचा मुलगा, मला न्यायला आला. म्हटलं, चल बाबा. मी अमेरिकेत असलो म्हणजे घर उघडायचा प्रश्नच नाही.

किल्ली वीतभर लांब. विमानतळावर त्या दारातून जाताना मी तीनदा वाजलो. शेवटी शर्ट वर करून करगोटा दाखवावा लागला. तिथल्या पोलिसाने किल्ली बघितली, मला बघितलं आणि विजयला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतो?"

"विचारतोय, किल्ला आहे का तुमचा."

"सांग, आहे म्हणावं."

फ्रिस्को

विजय राहतो फ्रिस्कोला, टेक्सासात. सगळी घरं एका साच्यातली. पहिल्या आठवड्यात मी फिरायला गेलो आणि दुसऱ्याच्याच दाराची बेल वाजवली. आतून तेलुगू बाई आली. तिने मला आत बोलावून चहा दिला, कारण तिच्या सासऱ्यांनी आदल्या महिन्यात हेच केलं होतं.

गावात माणूस दिसत नाही. गवत आहे, झाडं आहेत, गाड्या आहेत, माणसं आतल्या आत. दुपारी रस्त्यावर मी आणि खारी. सूनबाई प्राची नागपूरची, गुणाची पोरगी. घरातूनच नोकरी करते, कानाला यंत्र लावून दिवसभर कुणाला तरी समजावत असते. मी समोरून गेलो की यंत्रावर हात ठेवून म्हणायची, "अण्णा, खाऊन घ्या नं जी काहीतरी." मी दोनदा जेवलेलो असायचो.

मंगलचा फोन दर रविवारी. ती बोलायची हवापाण्याचं आणि थांबायची हंड्यापाशी. लग्नाची तारीख धरली होती. मी म्हणायचो, रेंज नाही. विजय बाजूला उभा राहून ऐकायचा आणि म्हणायचा, "अण्णा, वायफाय फुल आहे." पोरगा शिकवला की असा होतो.

दिवसभर मी खुर्चीत बसून कंबरेची किल्ली चाचपायचो. ते बघून विजयने एका शनिवारी जाहीर केलं, "चला, लाँग ड्राइव्हला जाऊ. एक छोटं गाव आहे, जुनं म्युझियम आहे. इथं पहिले लोक येऊन राहिले तेव्हाचं." प्राचीला काम होतं. ती राहिली, पण डबा दिला, बाटल्या दिल्या, मला स्वेटर दिला. बाहेर ऊन भाजत होतं. गाडीत विजय, मी आणि माझी नात ईरा. ईरा नऊ वर्षांची. मराठी समजतं, बोलते इंग्रजी, आणि माझ्यावर दया आली की मराठी बोलते.

वाटेत

रस्ता सरळ. इतका सरळ की विजय झोपला असता तरी गाडी पोचली असती. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत, तारेची कुंपणं आणि लांबवर काळ्या गाई. राखायला कुणी नाही. मी म्हटलं, गुराखी कुठाय? विजय म्हणाला, "गुराखी आता जीन्सच्या जाहिरातीत आहेत, अण्णा."

डबा होता तरी ईराला हॉटेलात जायचं होतं. मी बिस्कीट मागितलं, तर बनपाव आला आणि त्यावर पातळ पिठल्यासारखा पांढरा रस्सा. त्यात मिरची नाही, मोहरी नाही, कुणाशी वैर नाही असं ते पिठलं. चहा मागितला, तर गुडघ्याएवढ्या पेल्यात बर्फ घालून आला. मी पेला परत दिला आणि हातवारे करून म्हटलं, गरम कर. त्या वाढणाऱ्या बाईने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी तिला दही उकळायला सांगितलं. मग मी डब्यातला पराठा काढला. ती येऊन उभी राहिली. मला वाटलं आता बाहेर काढते. तिने बोटाने विचारलं, चवीला मिळेल का. दिला. तिने तिथंच उभ्याउभ्या संपवला आणि बिलातून माझा चहा काढून टाकला.

म्युझियम

गावाचं नाव कॉटन स्प्रिंग. एक पेट्रोल पंप, एक चर्च, बंद पडलेलं थिएटर आणि टोकाला लाकडी घर. घरापुढं ओसरी, ओसरीवर झुलती खुर्ची. दार उघडं, आत कुणी नाही.

आता हे म्युझियम आहे हे मला सांगितलेलं होतं. पण ते दिसत होतं घर. दारातून चूल दिसत होती. चूल दिसत असलेल्या घरात चप्पल घालून शिरणं मला जमत नाही. ओसरीवर कोपऱ्यात एक लाकडी खोकं होतं, त्यात एक जुना बूट आणि टोपी. देवळाबाहेर असतं तशी सोय केलीय असं समजून मी चपला त्यात ठेवल्या. विजय बूट घालूनच आत गेला. म्हटलं, जा, तुझी आई बघतेय.

आत सामान खच्चून भरलेलं. एका फळीवर काटेरी तारांचे तुकडे ठोकलेले, प्रत्येकाला वेगळं नाव. तारेला नाव देणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. खोगीर, दात उपटायची खुर्ची, आपल्या रवीसारखी लोण्याची रवी, तागडी. लोखंडी डागण्या ओळीने टांगलेल्या. गाईवर मालकाची खूण उमटवायच्या. म्हणजे माझाच धंदा, फक्त गिऱ्हाईक लाथ मारणार. आणि मधोमध काचेत दोन डोक्यांचं वासरू, भुसा भरलेलं. ईरा त्याच्यापुढून हलेना.

सगळ्या वस्तूंना चिठ्ठ्या होत्या. विजय वाचून सांगायचा: अमक्याने दिलं, तमकीच्या स्मरणार्थ दिलं. मला बरं वाटलं. ही माणसं आपल्यासारखीच. फक्त आपण कोरतो, हे चिकटवतात.

स्वयंपाकघरापुढं मात्र दोरी बांधलेली. मोठी लोखंडी चूल, तिच्यावर काळं जाड भांडं, बाजूला फळीवर निळ्या काठांच्या बशा. इथं एकही चिठ्ठी नव्हती. मला राहवेना. दुसऱ्याच्या घरी भांडं दिसलं की मी काठ बघतोच, ती सवय आता जायची नाही. मी दोरीखालून वाकून आत गेलो आणि भांडं उचलून उलटं केलं.

"अण्णा," विजय म्हणाला, आणि मागून एक बाई ओरडली.

म्हातारी. माझ्याच वयाची असेल, पांढरे केस, जाड चष्मा, पँट, हातात फडकं. विजय माफी मागायला लागला. भांडं जड होतं, मला पटकन खालीही ठेवता येईना. म्हातारीने काहीतरी विचारलं.

"हनी, काय शोधतोयस म्हणते," विजय म्हणाला.

"मला हनी म्हणाली?"

"सगळ्यांनाच म्हणतात."

"तिला सांग मला साखर आहे. आणि सांग, नाव शोधतोय. हे भांडं कुणाचं ते यावर लिहिलेलं नाही."

विजयने काय सांगितलं कुणास ठाऊक. म्हातारीचा राग उतरला. तिने दोरी सोडली, ती आत आली, माझ्या हातातलं भांडं घेऊन चुलीवर ठेवलं आणि फडक्याने पुसलं. म्हणाली, हे एडनाचं. माझ्या आजीचं. आणि तिथंच एका स्टुलावर बसून तिने सगळं सांगितलं. तिचं नाव डॉली. विजय एकेक वाक्य मराठीत करत होता.

एडना गेली तेव्हा तिच्या मुली घोडागाडी घेऊन आल्या. आईच्या बशा, भांडी वाटून घ्यायला. धाकटीचं लग्न ठरलेलं, तिला चुलीवरचं भांडं हवं होतं. एडनाचा म्हातारा, त्याचं नाव ओटिस, पायरीवर बसला आणि म्हणाला, कशाला हात लावायचा नाही. मुली म्हणाल्या, का? त्याला कारण सुचेना. त्याने कुठंतरी ऐकलं होतं की शहरात म्युझियम असतं आणि तिथं वस्तूंना हात लावू देत नाहीत. तो म्हणाला, हे म्युझियम आहे. दुसऱ्या दिवशी गाडीचं वंगण घेऊन फळीवर तसं लिहून टाकलं. पुऱ्या गावात कुणी म्युझियम बघितलेलं नव्हतं, त्याने तर नव्हतंच. चर्चचा पाद्री समजावायला आला, त्याच्याकडून त्याने आत यायचे पैसे घेतले.

मी हसलो. माणूस मला आवडला.

मग पुढं त्याची पंचाईत झाली. म्युझियम म्हटल्यावर त्यालाही आतलं काही वापरता येईना. पलंग म्युझियमचा, म्हणून तो ओसरीवर झोपायचा. बशी म्युझियमची, म्हणून शेजारणीने पत्र्याच्या डब्यात दिलेलं खायचा. थंडीत बर्फ पडायचं तेव्हा घरात एवढी मोठी चूल, आणि हा घोंगडी पांघरून तिच्यापुढं कुडकुडत बसायचा, कारण पेटवली तर ती शेवटची एडनाने पेटवलेली राहणार नाही. गाव हसायचं. मग हळूहळू गावात कुणी गेलं आणि मागच्यांना सामानाचं काय करावं कळेना, की लोक ते आणून ओटिसच्या ओसरीवर ठेवायला लागले. टाकवत नाही आणि ठेववतही नाही, असं सगळं. तारा, खोगीर, खुर्ची, वासरू. असं हे म्युझियम झालं.

"आणि धाकटी?" मी विचारलं.

डॉली म्हणाली, "धाकटी माझी आई. तिला एक चमचा मिळाला नाही. मी लहान असताना ती मला इथं घेऊन यायची. दारातल्या डबीत नाणं टाकायची आणि या दोरीच्या पलीकडं, तिथं, तुमचा मुलगा उभा आहे तिथं उभी राहून सांगायची, ते भांडं बघ, त्यात तुझी आजी पीचची जेली करायची. मग आम्ही घरी जायचो." तिने भांड्यावरून फडकं फिरवलं. "म्हातारा गेला, आई गेली. मी हे रोज पुसते. यात एक अंडंसुद्धा कधी उकडलेलं नाही."

मी तिला म्हटलं, "मग उकड की आता, कोण बघतंय?" विजयने विचारलं. ती म्हणाली, आता नाही व्हायचं, आता ते म्युझियमचं आहे, त्याचा विमा काढलाय.

मला त्या ओटिसचा एवढा राग आला की कान तापले. मी म्हणालो, "मूर्ख म्हातारा."

डॉलीने विचारलं, काय म्हणाले? विजय म्हणाला, सुंदर आहे म्हणतात. एवढं इंग्रजी मलाही कळतं. तेवढ्यात वासरापासून ईरा ओरडली, "नो, डॅडी. आजोबा सेड स्टुपिड ओल्ड मॅन."

विजयचा चेहरा बघण्यासारखा झाला. डॉली मात्र चष्मा काढून हसायला लागली. डोळे पुसत म्हणाली, माझी आई हेच म्हणायची, अगदी याच आवाजात.

निघालो, तर ओसरीवरच्या खोक्यात चपला नाहीत. बूट आहे, टोपी आहे, चपला नाहीत. विजय म्हणाला, "तुम्ही त्यात ठेवल्या? अण्णा, ती दानपेटी आहे. लोक वस्तू आणून टाकतात त्यात." आम्ही परत आत. दाराजवळच्या टेबलावर माझ्या चपला, खाली पांढरा कागद, एकीवर ताजी चिठ्ठी, डॉलीने आत येतानाच लावलेली. विजयने वाचली: "चामडी पायताण, हाताने शिवलेलं, तळ टायरचा. फार जुनं. देणाऱ्याचं नाव माहीत नाही."

"फार जुनं काय, मागच्या दिवाळीला घेतल्यात."

डॉलीने माझे मोजे बघितले, मग चपला, मग परत मोजे. म्हणाली, नियम असा आहे की चिठ्ठी लागलेली वस्तू कमिटीच्या ठरावाशिवाय बाहेर जात नाही. विजय घाबरला. मी विचारलं, कमिटीत कोण कोण?

"मी आणि माझा नवरा."

"मग बोलाव त्याला."

"तो तीन वर्षांपूर्वी गेला."

मी म्हणालो, "माझीही गेली. उन्हाळ्यात." विजयने ते सांगितलं नाही, ईराने सांगितलं. डॉलीने मान हलवली. मग तिने चिठ्ठी चपलेवरून सोडवली, चुरगळून खिशात घातली आणि म्हणाली, ठराव मंजूर. चपला तिने वाकून माझ्या पायांपुढं ठेवल्या. कुणी बाईमाणसाने असं करू नये, मी मागं सरलो, तर वासराच्या काचेवर आदळलो. काच फुटली नाही. एवढ्या मजबूत वस्तू तिथं.

परतीच्या वाटेवर ईरा झोपली. विजय म्हणाला, "अण्णा, मंगलताई..."

"पुढं बघून चालव," मी म्हणालो. रस्ता सरळच होता.

रविवार

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो आणि मंगलला फोन लावला. मी लावलेला पहिलाच फोन. तिकडं संध्याकाळ, तव्यावर भाकरीचा आवाज येत होता.

"अण्णा? काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मला काय धाड भरलीय. घराचं कुलूप तोड."

"कुलूप? अहो, किल्ली पाठवा की कुणाबरोबर तरी."

"तोवर लग्न होऊन जाईल. जावयांना सांग, तोडतील. सासऱ्याचं काहीतरी तोडायची हौस त्यांना पहिल्यापासून आहे. हंडा, घंगाळ, दोन्ही पराती, सगळं काढ आणि रितूला दे. आणि नुसतं रुखवतात मांडून ठेवायचं नाही. पाणी तापवायचं, पीठ मळायचं, आपटायचं. पोचा पडला तर पडला."

ती म्हणाली, "मोडीत नाही घालणार हो आम्ही, अण्णा. तुम्हाला तेच वाटत होतं ना?"

"हो."

"मला आधी सांगायचं नाही का मग."

"भाकरी बघ, करपेल."

तिने भाकरी उलटली बहुतेक. नाक ओढल्याचा आवाज आला. "घासून घासून आईचं नाव जाईल हो त्याच्यावरचं," ती म्हणाली.

"जाऊ दे. हाताने गेलं तर चालतंय."

"मग त्याच्या खाली रितूचं घालून घेऊ का? चौकात एक पोरगा बसतो आता, लेझरने घालतो. दोन मिनिटांत."

"लेझरवाल्याच्या हातात हंडा द्यायचा नाही," मी म्हणालो. "मशीन माळ्यावर आहे, पोत्यात गुंडाळलेलं. खाली काढून ठेव."

फोन ठेवला आणि जाऊन विजयच्या खोलीचं दार ठोठावलं. रविवारचा तो उशिरा उठतो. केस विस्कटलेला दार उघडून उभा राहिला, घाबरलेला.

"काय झालं, अण्णा?"

"तिकीट काढ."

"कुणाचं?"

"माझं. रितूच्या हळदीच्या आधी पोचलं पाहिजे."

तो तिथंच भिंतीला टेकून फोनवर बघायला लागला. म्हणाला, खिडकीजवळची सीट नाहीये, मधली आहे. मी म्हटलं, मधली तर मधली, तू काढ.